मित्रमैत्रिणींमध्ये कविता आणि उन्हाळ्यातला रोजचा निसर्ग वाटून घ्यायचा, तर ते टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सहा जुने मित्र आहात. उन्हाळाभर रोज एक कविता आणि आजूबाजूला दिसलेलं काहीतरी एकमेकांना पाठवायचं ठरवलंत. दहा दिवस छान गेले, आणि आता नुसते अंगठे आणि ‘वा वा’ उरलेत. शिवाय तुमच्यात कवी कोणीच नाही. हे चालू ठेवायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

आमचं अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहायला बसले. आम्ही पाच जण, शाळेपासूनचे. हा आमचा चौथा उन्हाळा. पहिल्या वर्षीचा तर तीन आठवड्यांत आटोपला होता.

तो का आटोपला हे कळायला वेळ लागला. आम्ही एकमेकांना काही सांगतच नव्हतो, नुसत्या छान छान वस्तू दाखवत होतो. मावळतीचा फोटो आणि त्याखाली कुठून तरी आलेल्या चार ओळी. त्यावर ‘अप्रतिम’ म्हणण्यापलीकडे समोरच्याने करावं काय? आणि एकदा ‘अप्रतिम’ म्हटलं की बोलणं तिथेच मिटतं. तुमच्याकडेही तेच होत असावं. लोक कंटाळलेले नसतात, त्यांना उत्तर द्यायला जागाच मिळालेली नसते.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकाने एक संदेश टाकला, तिथून सगळं बदललं. त्याने जमिनीवर पडलेलं गुलमोहराचं एक फूल उचलून तळहातावर घेतलं होतं. लिहिलं होतं एवढंच: ‘पाचवी पाकळी पाहिली आहे का कुणी?’

मी पाहिली नव्हती. चाळिशी ओलांडली तरी पाहिली नव्हती. गुलमोहर म्हणजे लाल, एवढं पाठ होतं. त्या दिवशी संध्याकाळी खाली जाऊन फूल उचललं. चार पाकळ्या लाल, चमच्यासारख्या, देठाकडे निमुळत्या. पाचवी मात्र पांढरट, थोडी उभी, कडेला चुण्या पडलेली, आणि तिच्यावर लाल-पिवळे शिंतोडे, कुणी ब्रश झटकल्यासारखे. मधून दहा लांब पुंकेसर बाहेर आलेले. मी कितीतरी वेळ ते फूल फिरवत उभी होते. मग ग्रुपवर लिहिलं:

पाचवी पाकळी पांढरी.
इतकी वर्षं मी नुसतं
लाल लाल म्हणत होते.

ही कविता आहे की नाही, मला माहीत नाही. पण रात्री झोपायच्या आत बाकीच्या तिघांनी फुलं उचलून पाहिली होती. एकीला झाडाखाली सुकलेलं फूल मिळालं. सुकल्यावर ती पाकळी पिवळट पडते की तपकिरी, यावर अर्धा तास वाद झाला. तीन आठवड्यांत बंद पडलेल्या माणसांचा अर्धा तास!

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की कविता बाजूला ठेवा आणि आधी पाहायला लागा. आज, स्वतःच्या डोळ्यांनी, एक बारीकशी गोष्ट. साध्या वाक्यात लिहिलं तरी चालेल. ‘आमच्यात कवी कोणी नाही’ ही अडचण नाहीच. ‘निसर्ग’ हा शब्दही थोडे दिवस वापरू नका असं मी म्हणेन. तो शब्द आला की माणूस डोंगर आणि धबधबा शोधायला लागतो, आणि खिडकीच्या गजावर बसलेला कावळा त्याला दिसेनासा होतो.

कावळ्यावरून आठवलं. एका दुपारी आमच्यातली एक मैत्रीण घरी एकटीच होती. तिने पाठवलं:

भर दुपारी कावळा
चोच उघडून बसलाय,
शब्द विसरल्यासारखा.

यावर ‘मस्त’ म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुसऱ्याने विचारलं, ‘तो नुसताच बसलाय की गळा हलतोय?’ तिने परत जाऊन पाहिलं. गळ्याची कातडी भराभर थरथरत होती. मग त्याने सांगितलं की पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. उन्हात चोच उघडी ठेवून, गळा थरथरवत, आतला ओलावा हवेत सोडून ते अंग थंड ठेवतात. तिला तिच्याच ओळी नव्याने दिसल्या. तो विसरलेला नव्हता, तापला होता. तिने ओळी बदलल्या नाहीत. मलाही त्या तशाच आवडतात. आता आम्ही पाचही जण कावळा दिसला की आधी त्याच्या गळ्याकडे बघतो.

तेव्हा उत्तर कसं द्यायचं, यावर जास्त लक्ष द्या. लिहिणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्यावर ग्रुप चालतो. दाद द्यायला माझी हरकत नाही, पण दादेच्या जागी प्रश्न आला, किंवा आपल्याकडची एक गोष्ट आली, की पुढचा माणूस बोलायला मोकळा होतो.

जपानमध्ये यासाठी एक जुनी रीत आहे, रेंगा नावाची. मित्र एकत्र जमत. पहिला ५-७-५ अशा मात्रांच्या तीन ओळी म्हणे, दुसरा त्याला ७-७ च्या दोन ओळी जोडे, तिसरा पुन्हा तीन, असं पुढे पुढे. पहिल्या तीन ओळींत ऋतूची खूण यायलाच हवी, म्हणजे आत्ता इथे काय चाललंय ते आधी सांगायचं. या पहिल्या ओळींनाच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मासाओका शिकी या जपानी कवीने वेगळं काढलं आणि हायकू हे नाव रूढ केलं. मराठीत तो कवयित्री शिरीष पै यांनी आणला. आपण हायकू एकट्याची, शांत बसून लिहायची कविता समजतो, पण तिचा जन्म गप्पांतला आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला होता.

रेंगाचा मला सगळ्यात उपयोगी पडलेला नियम असा: तुमच्या ओळी फक्त लगेच आधीच्या ओळींना जोडलेल्या हव्यात, त्याच्या आधीच्यांना नाही. म्हणजे विषय सरकत राहतो. कावळ्यावर पाच जणांनी पाच कावळे लिहायचे नाहीत. त्या कावळ्याला मी जोडलं होतं:

पंखा फिरतो आहे,
माझंही वाक्य अर्धंच.

मग पुढचा पंख्यावरून वाऱ्याकडे गेला, वाऱ्यावरून वाळत घातलेल्या कपड्यांकडे. ३६ कड्यांच्या साखळीला तिकडे कासेन म्हणतात. आम्ही मात्रा मोजत नाही आणि मराठीत तो हट्ट धरू नये असं माझं मत आहे. त्यात जीव गुदमरतो. पण ३६ चा आकडा आम्ही डोळ्यांसमोर ठेवतो. अजून एकदाही गाठलेला नाही. मागच्या वर्षी ३१ वर असताना पाऊस आला आणि सगळ्यांचं लक्ष उडालं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्याकडेही होऊ शकते.

कावळ्याची ओळ लिहिणारी नव्हे, आमच्यातली दुसरी मैत्रीण. तिने आयुष्यात पहिल्यांदाच आठ ओळींची कविता लिहिली. त्यात कोकिळा घरट्यात बसून पिल्लांसाठी गात होती. मी मिनिटभरात लिहून मोकळी झाले: अगं, गातो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज नुसता किक्-किक्-किक्. शिवाय कोकिळा घरटं बांधतच नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. सगळं खरं होतं. तिने ‘बरं’ लिहिलं आणि नंतर तीन आठवडे ग्रुपवर तिचा शब्द नाही.

शेवटी मी फोन केला. ती म्हणाली, ‘मी पक्ष्याबद्दल लिहिलंच नव्हतं गं. लेक शिकायला बाहेर गेलीय ना.’

मला ते त्या आठ ओळींत दिसायला हवं होतं. घरटं हा शब्द तीनदा आला होता! मी पक्षी तपासत बसले आणि माणूस माझ्यासमोरून निघून गेलं. मी माफी मागितली, मग आम्ही तासभर तिच्या लेकीबद्दल बोललो. त्यानंतर महिनाभराने तिने जे लिहिलं ते आमच्या चार वर्षांतलं मला सगळ्यात प्रिय आहे:

कावळ्याच्या घरात वाढतं,
कावळ्याच्या चोचीतून खातं,
गळ्यात मात्र आपलंच गाणं.

माहिती तिच्या उपयोगाला आली, पण तिच्या वेळेने आली. तेव्हापासून मी असं करते: आधी माणसाला उत्तर. चूक दिसली तर दोन-चार दिवस जाऊ देते आणि स्वतः पाहिलेलं काहीतरी म्हणून लिहिते. ‘आज मादी दिसली, ठिपक्यांची, मला आधी ओळखूच आली नाही.’ एवढं पुरतं. आणि चुकीचं पक्ष्याचं नाव राहिलं एखाद्या कवितेत, तर राहू द्या.

तुमच्यात सगळ्यांना सारखा वेळ नसेल, हेही लक्षात ठेवा. रोजचा नेम लावू नका. ज्याचा दिवस चुकतो त्याला दुसऱ्या दिवशी लिहायचाही संकोच वाटतो. आमच्यातला एक जण रात्रपाळी करतो. तो सुरुवातीला म्हणायचा, ‘तुम्ही सगळे दुपारवर लिहिता, मी दुपारी झोपलेला असतो, माझा उन्हाळा कुठला?’ आम्ही म्हटलं, तुझा जो असेल तो सांग. त्याने पाठवलं:

पहाटे चार.
दगडी कट्टा अजून
कालच्याच उन्हात.

आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नसतं, कारण त्या वेळी त्या कट्ट्यावर हात ठेवणारा तो एकटाच. रातकिड्यांचंही त्यानेच सांगितलं. एका रात्री लिहिलं, ‘आज हे फार घाईत आहेत.’ खरंच असतात. किरकिरतात ते नर, पंखावर पंख घासून, आणि हवा गरम असली की त्यांची गती वाढते. एमॉस डॉल्बेअर या अमेरिकी शास्त्रज्ञाने तर १८९७ साली किरकिरीच्या मोजणीवरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. आमचा हा मित्र आता ‘आज घाईत’ किंवा ‘आज निवांत’ एवढेच दोन शब्द पाठवतो आणि आम्हाला रात्र कशी होती ते कळतं.

पाचवा मित्र अजिबात लिहीत नाही. तो आवाज पाठवतो. अकरा सेकंद पिंपळाची पानं, पंधरा सेकंद कुठलासा पंप आणि मागे चिमण्या. मी आधी त्याला लिहायचा आग्रह करायचे. आता करत नाही.

दुसऱ्यांच्या कविता पाठवाव्यात का? जरूर. फक्त फॉरवर्ड करू नका, हाताने टाइप करा. टाइप करताना प्रत्येक शब्दावरून बोट जातं आणि निम्म्या कविता पाठवण्याआधीच गळून पडतात. कवीचं नाव खात्री करून लिहा, फिरत्या संदेशांत नावं सर्रास चुकीची असतात. आणि ही कविता आजच का आठवली, ते एका ओळीत सांगा.

मागच्या वर्षी मी असंच एक पाठवलं होतं. हाल या सातवाहन राजाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे माहाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे छोट्या गाथांत, उन्हाळ्याच्या दुपारची एक गाथा आहे. ऊन इतकं, की सावलीसुद्धा भिऊन अंगाखाली लपून बसली आहे, बाहेर डोकावत नाही. मग वाटसरू, तू तरी थोडा थांबत का नाहीस? बोलणारीच्या मनात काय आहे ते ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. त्या गाथांतल्या कितीतरी अशाच कुणीतरी कुणाला सांगितलेल्या आहेत, पुष्कळशा मैत्रिणीने मैत्रिणीला. मी ती पाठवली कारण त्या दिवशी माझी सावली खरोखरच पायाखाली गेली होती. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि भर माध्यान्ही उभ्या खांबालाही सावली उरत नाही. मी खाली उतरून पाहिलं. खांब होता, सावली नव्हती. वर जाऊन गाथा टाइप केली तेव्हा ती मला जुनी वाटली नाही.

सहा ही संख्या चांगली आहे, वाढवू नका. दोघे जण गप्प राहिले तरी चौघांवर चालतं. गप्प बसलेल्याला सगळ्यांसमोर हाक मारू नका, वेगळा फोन करा, आणि कविता मागू नका. खिडकीतून काय दिसतंय ते विचारा.

आमची या वर्षीची साखळी आज १९ वर आहे. काल रात्री लेकीच्या आईने लिहिलं:

सुट्टीत घरी आली,
दारातच विचारते,
‘आज घाईत की निवांत?’

त्यावर पाचव्या मित्राने नऊ सेकंद रातकिडे पाठवलेत. विसावी कडी माझ्याकडे आहे, आणि मी सकाळपासून ते नऊ सेकंद पुन्हा पुन्हा ऐकते आहे.