वाचकांचे प्रश्न : भजन संपल्यानंतरची संध्याकाळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वृद्धाश्रमातील मनाच्या आणि श्रद्धेच्या प्रश्नांविषयी आहेत, म्हणून ती थोडी संक्षिप्त करून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमाची मी व्यवस्थापिका आहे. आमच्याकडे ३८ ज्येष्ठ राहतात. रोज संध्याकाळी आम्ही ध्वनिक्षेपकावर भजने लावतो, महिन्यातून दोनदा गावातील भजनी मंडळ येते, एकादशीला उपवासाचे पदार्थ असतात. तरीही ८४ वर्षांच्या एक आजी रोज विचारतात, "देव मला का नेत नाही? माझी चिठ्ठी हरवली का त्याच्याकडून?" मावशी "असं अभद्र बोलू नये" म्हणून त्यांना गप्प करतात. दुसरे एक निवृत्त शिक्षक देव मानत नाहीत आणि भजनाच्या वेळी खोलीचे दार लावून घेतात, त्यामुळे सगळे त्यांना तिरसट म्हणतात. आम्ही आणखी काय करावे?

उत्तर : आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ वृद्धाश्रमांच्या सेवांचा उल्लेख करते, तेव्हा त्यात वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधने हे दोन शब्दप्रयोग येतात. शोक, भीती, पश्चात्ताप, देवाशी असलेले नाते यांना त्या वाक्यात जागा नाही आणि म्हणूनच बहुतेक आश्रमांत भजनसुद्धा नकळत मनोरंजनाच्या खात्यात जाऊन बसते. तुमच्याकडे नेमके हेच झाले असावे, असे मला वाटते.

आजींच्या प्रश्नापासून सुरुवात करू. "देव मला का नेत नाही" हे वाक्य कधी निव्वळ शरीराच्या दुखण्याचे असते: गुडघे, पाठ, लघवीची जळजळ, चार दिवस साफ न झालेले पोट. कधी ते "मी आता कोणाच्याच उपयोगाची उरले नाही" या भावनेचे असते. कधी मात्र ते खरोखरच देवाशी मांडलेले भांडण असते, की इतकी वर्षे उपासतापास केले त्याचे हे फळ का. आणि आपल्या संतांनीही विठ्ठलाला कडक शब्द सुनावलेले असताना मावशींनी त्या भांडणाला अभद्र मानण्याचे काहीच कारण नाही. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरच्या काळात काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. वेदनेत शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा एकमेकींत गुंतलेली असतात, ही त्यांची मांडणी होती. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये उभे राहिलेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. तेथील रुग्ण कर्करोगाचे असतात आणि तुमच्या आजींना तसा आजार नसेलही, परंतु या चारही बाजू एकेक करून चाचपून पाहण्याची शिस्त तुम्हालाही उपयोगी पडेल.

मावशींना एकच वाक्य शिकवा: "आजी, आज असं का वाटलं?" ते उभ्याउभ्या, चादर बदलता बदलता न विचारता पलंगाशेजारी खुर्ची ओढून, आजींना आपला चेहरा दिसेल असे बसून विचारले पाहिजे आणि त्यानंतर दहा मिनिटे उत्तर देण्याची घाई करू नये. (त्याआधी आजींना ऐकू नीट येते ना, हे पाहा. "कोणाशी बोलतच नाहीत" अशी तक्रार असलेल्या ज्येष्ठांच्या कानातला मळ काढल्यावर त्या बोलू लागल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.) मात्र झोप, भूक आणि कशातही रस वाटणे या तिन्ही गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ ओसरलेल्या दिसल्या, तर ते वयाचे किंवा वैराग्याचे लक्षण समजू नका, डॉक्टरांना बोलावून नैराश्याची, तसेच थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी करून घ्या. "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी आले, किंवा उशीखाली साठवलेल्या गोळ्या सापडल्या, तर आजींना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही कार्यालयात लावून ठेवा.

शिक्षक आजोबांचे दार बंद असणे हा मला तिरसटपणा वाटत नाही, कारण ध्वनिक्षेपक बंद करण्याची सोय त्यांच्या हाती नाही, दार लावण्याची मात्र आहे. भजन एका खोलीत ठेवा आणि ज्याला यायचे तो येईल असे करा. देव न मानणाऱ्या माणसालाही आपले आयुष्य कशासाठी गेले हा प्रश्न पडतोच. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच लिहिले होते की, म्हातारपणी माणूस गतायुष्य पुन्हा पुन्हा चाळतो ते बुद्धी ढळल्यामुळे नव्हे, तर हिशेब लावण्यासाठी. गुरुजींना त्यांच्या पहिल्या शाळेबद्दल विचारा, दृष्टी अधू झालेल्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवाल का असेही विचारा. मात्र या निमित्ताने त्यांना हळूहळू भजनाला आणण्याचा हेतू मनात असेल, तर तो त्यांच्या लगेच लक्षात येईल.

प्रवेश अर्जात धर्माचा रकाना असतो, त्याखाली "घरी रोज काय करत होता?" हा प्रश्न जोडा. जैन आजींना सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असेल, मुस्लिम आजोबांना खुर्चीवर बसून नमाज पढण्यासाठी दिशा दाखवावी लागेल, ख्रिस्ती बाईंना कम्युनियन (प्रार्थनेतील पवित्र भाकर) देण्यासाठी फादरना बोलवावे लागेल, बौद्ध आजोबांना सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायचे असेल. आडनावावरून अंदाज बांधू नका, विचारा.

प्रश्न : माझी ७९ वर्षांची आई स्मृतिभ्रंशामुळे पुण्यातील एका केंद्रात आहे. तिचा पितळी बाळकृष्ण तिने सोबत नेला होता, पण नैवेद्याचे लोणी ती उशीखाली ठेवते आणि मुंग्या होतात, म्हणून तो कपाटात बंद करून ठेवला आहे. आई आता मला ओळखत नाही. मी जाण्यात अर्थ आहे का? (ठाणे)

उत्तर : बाळकृष्ण आधी कपाटातून बाहेर काढून घ्या. लोण्याऐवजी खडीसाखरेचे दोन खडे मावशींनी आणून द्यावेत, पूजा झाली की आईने ते तिथेच तोंडात टाकावेत. मुंग्यांचा प्रश्न एवढ्याने सुटतो. नावे आणि अलीकडच्या घटना पुसल्या गेल्या, तरी हातांना लागलेली सवय आणि लहानपणी पाठ झालेले शब्द पुष्कळदा बराच काळ टिकतात. तुम्ही आरतीची पहिली ओळ म्हणा आणि थांबा. पुढची ओळ आईकडून आली तर ती तुम्हा दोघींची त्या दिवशीची भेट समजा. "बाबा कुठे आहेत?" असे तिने विचारले, तर ते गेल्याचे दर वेळी सांगू नका, कारण ती बातमी तिला दर वेळी नव्यानेच कळते, "बाबांची आठवण आली का?" एवढे म्हणून त्यांच्याविषयी बोलू लागा. अशा रुग्णांची बेचैनी पुष्कळदा सायंकाळी वाढते, त्यामुळे सकाळी जा. कोण आले होते हे आई विसरेल, पण कोणीतरी मायेने जवळ बसले होते याचा निवांतपणा नंतरही काही काळ तिच्यात राहतो, तेव्हा जरूर जा.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा असून नागपूरजवळच्या एका वृद्धाश्रमात राहतो. माझे खोलीतील सोबती रात्री वारले. त्यांना मागच्या दाराने नेले, सकाळी पलंगावर नवी चादर होती आणि न्याहारीच्या वेळी कोणी चकार शब्द काढला नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही, म्हणून मला दुःख करण्याचाही अधिकार नाही का?

उत्तर : सूतक नात्याने लागते, दुःखाला तशी अट नाही. "इतरांना धक्का बसू नये" म्हणून व्यवस्थापन असे करते, परंतु प्रत्येक रहिवासी त्यातून एकच गोष्ट शिकतो, की उद्या मलाही असेच नेतील. तुम्ही व्यवस्थापकांना लेखी विनंती करा: यापुढे निरोप पुढच्या दाराने द्यावा, ज्यांना उभे राहायचे त्यांना उभे राहू द्यावे आणि पलंग निदान तीन दिवस रिकामा ठेवून तेथे दिवा लावावा. दहाव्या दिवशी त्यांच्या आवडीचा एक पदार्थ स्वयंपाकघरातून मागून घ्या आणि जेवणापूर्वी त्यांचे नाव मोठ्याने घ्या.

तुमच्या पत्रात त्यांच्या परदेशी असलेल्या मुलीचा उल्लेख आहे. वडील रात्री झोप येत नसताना काय बोलत असत, हे तिला तुमच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. तिचा पत्ता देणे व्यवस्थापकांना योग्य वाटले नाही, तर पत्र लिहून त्यांच्याकडेच पाठवण्यासाठी द्या. पत्र लांबलचक झाले तरी चालेल.