वाचकांचे प्रश्न : अंगणातली जिप्सी, मोठे टायर आणि आरसी बुक

मागच्या अंकात घरच्या घरी ऑफरोड (डोंगर-चिखलात चालणारी) गाडी बनवणाऱ्यांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक मारुती जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपबद्दल आहेत. सगळी घेता येणार नाहीत, पण ही पाच घेतली कारण यात बाकीच्यांचीही उत्तरं येतात.

दादा, मी कराडजवळ राहतो. १९९९ ची जिप्सी किंग घेतलीय, सॉफ्ट टॉप, इंजिन चालू आहे पण बॉडी सडलीय. घरामागे शेड आहे, भावाकडे वेल्डिंग मशीन आहे. पावसाळ्यात डोंगरात ट्रेलवर न्यायचीय. आधी लिफ्ट करू (गाडी उंच करू) का आधी टायर घेऊ?

आधी दोन्ही नको. तुझ्यासारख्या प्रत्येकाचं मन पहिल्यांदा टायरवर जातं, साहजिक आहे, दिसायला तेच दिसतं, पण पहिलं काम चॅसीचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं. जिप्सीची बॉडी चॅसीवर बोल्टनी बसलेली असते, खाली रबराचे पॅड, त्यामुळे बोल्ट काढून चार-पाच जणांनी धरली तर बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि एकदा चॅसी उघडी पडली की खरं काय ते कळतं. ही चॅसी बंद पेटीसारखी आहे, चिखल आणि पाणी आत जातं, बाहेर यायची भोकं बुजतात आणि ती आतून सडत जाते. बाहेरून काळा रंग मारून चकाचक दिसते. म्हणून छोटी हातोडी घेऊन पूर्ण लांबी वाजवत जायचं, टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे थांब. मागच्या पाट्याचं (लोखंडी पानांच्या स्प्रिंगचं) शॅकल, म्हणजे कडी, जिथे लटकतं तो भाग सगळ्यात आधी बघ. माझी पहिली जिप्सी कोकणातून आलेली, खारी हवा खाल्लेली, बरोबर याच जागी हातोडी आरपार गेली होती आणि मी त्याआधी दोन महिने ती गाडी घाटात चालवत होतो, बायको-मुलांना घेऊन. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून टाके मारू नकोस. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, मग त्याच जाडीची प्लेट घालायची आणि वरून जी फिशप्लेट (जोडपट्टी) लावशील तिची टोकं तिरकी काप, उभी सरळ नाही, कारण उभ्या वेल्डिंगच्या रेषेतच पुढे तडा जातो. भाऊ घरची ग्रिल, गेट करत असेल तर चॅसीचे मेन जोड त्याच्याकडून नको, टाके त्याने मारावेत आणि फायनल वेल्डिंग ट्रक-ट्रेलरचं काम करणाऱ्या माणसाकडून करून घे. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढलेल्या पाहिजेत आणि पेट्रोलची टाकी खाली उतरवून लांब नेलेली पाहिजे, रिकामी टाकी जास्त धोक्याची कारण आत वाफ असते.

चॅसीनंतर ब्रेक. मास्टर सिलिंडर, लोखंडी पाइप, रबरी होज सगळं नवं, जुनं चालतंय म्हणून ठेवू नकोस. मग पुढचे किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक वळतं ते) आणि व्हील बेअरिंग, जिप्सी ताशी साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरवते त्याचं मूळ खूपदा इथेच असतं. मग प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे. मग फोर व्हील लागतंय का ते बघ, पण मातीवर बघ, कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही, या गाडीत मधला डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच) नाही त्यामुळे वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. एवढं सगळं झालं की कंपनीच्याच टायरवर एक पावसाळा चालव, गाडी कुठे अडते ते तुला तीच सांगेल.

माझ्याकडे जिप्सी किंग आहे, नाशिक. ३१ इंची टायर टाकायचेत, मित्र म्हणतात स्प्रिंग ओव्हर ॲक्सल करून घे, पाच इंच उचलली जाते. करू का?

आकडे मांडून बघू. किंगला कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याची उंची होते ६६८ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ७८७. टायर जवळपास १८ टक्के मोठा झाला, पण गाडीच्या पोटाखालची जागा वाढते त्याच्या निम्म्याने, म्हणजे सहा सेंटीमीटर. आणि या सहा सेंटीमीटरसाठी काय काय द्यावं लागतं बघा: सगळे गिअर १८ टक्के उंच झाले, म्हणजे लो मध्ये (फोर व्हीलच्या हळू रेंजमध्ये) पहिल्या गिअरला जी गाडी दगडावरून मुंगीसारखी चढायची ती आता क्लच अर्धा दाबून चढवावी लागते आणि क्लच जळतो. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५९ ने पळते. ब्रेक तेवढेच आहेत पण चाकाचा हात लांब झाला. शिवाय जड टायरचा ताण मागच्या हाफ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) येतो. त्यापेक्षा २३५/७५ आर १५ घ्या, उंची साधारण ७३३, म्हणजे दहा टक्के मोठा, पोटाखाली सव्वातीन सेंटीमीटर मिळतात आणि हलक्या १३०० सीसी इंजिनाला झेपतो. मड टेरेनच (खास चिखलाचा टायर) पाहिजे असं नाही, रोज कामाला गाडी नेत असाल तर ऑल टेरेन बरा.

स्प्रिंग ओव्हर ॲक्सल म्हणजे पाटे मुळात ॲक्सलच्या खालून असतात ते वर घ्यायचे. उंची मिळते, खरं आहे. पण ॲक्सलवर नवे पॅड वेल्ड करताना पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जिथे जुळतो त्या गिअरचा) कोन चुकला तर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस खातो, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा) तिरका होतो त्यामुळे खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते, आणि जोर लावला की ॲक्सल पाट्यावर पिळतो. हे सगळं सोडवता येतं, पण सोडवणारा माणूस पाहिजे. आणि गाडी पाच इंच वर गेली की आडव्या उतारावर कलंडायला तेवढी सोपी झाली, हे कुणी बोलत नाही.

मला विचाराल तर उंचीपेक्षा चाक जमिनीवर टेकून राहणं महत्त्वाचं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं नुसतं बघत बसतं. पाटे खोलून गंज घासा, तुटलेली पानं बदला, शॅकलचे बुश नवे टाका, शॉकॲब्सॉर्बर जास्त लांबीचे टाका, जिप्सी याने एवढी बदलते की पुष्कळांना पुढे लिफ्टची गरजच वाटत नाही. आणि टायरमधली हवा! ट्रेलवर १८ पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड घेतो. परत डांबरावर यायच्या आधी भरायची मात्र विसरू नका, छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

जिप्सीत डिझेल इंजिन बसवलं तर आरटीओ पास करेल का? (कोल्हापूर)

नाही, आणि त्या भानगडीत पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टींपेक्षा वेगळी गाडी मालकाने बनवायची नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा पक्कं केलं. रंग बदलणं, किरकोळ फिटिंग वेगळं. इंजिन त्याच जातीचं बदलायचं तरी आधी आरटीओची परवानगी घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला दंडापेक्षा इन्शुरन्सची काळजी वाटते, अपघात झाला आणि समोरच्याला लागलं तर कंपनी पहिलं हेच काढते की गाडी कागदाप्रमाणे नव्हती. वर दिलेल्या लिफ्टलाही हेच लागू, गाडीचं मूळ रूप बदललं तर ती ट्रेलरवर घालून ट्रेलवर न्यायची गाडी झाली असं समजा. आणि पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावू नका, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

जुनी गाडी घेताना पंधरा वर्षांनंतरचं रिन्यूअल झालंय का बघा. १९९९ ची गाडी २०१४ ला पंधरा वर्षांची झाली, तिथून पुढे दर पाच वर्षांनी पासिंग आणि ग्रीन टॅक्स. कागद आधी, गाडी नंतर.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत मित्रांना घेऊन अंगणात जीप उघडून बसलाय, दिवसभर तिच्याखाली असतो. मला भीती वाटते. थांबवू का? (सांगली)

काकू, थांबवू नका. पण दोन गोष्टी तुम्ही स्वतः बघा. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली असेल तर त्याला खाली जाऊ देऊ नका, जॅकचं तेल गळतं आणि गाडी कधीही बसते. चारही बाजूंना लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) पाहिजेत, त्याही फरशीवर किंवा जाड फळीवर, ओल्या मातीवर नाही, आणि विटा तर अजिबात नाहीत, वीट आवाज न करता फुटते. दुसरं, ग्राइंडर चालवताना डोळ्याला चष्मा आणि अंगावर सुती कपडे, ओढणी, मफलर, सैल बाही काही नको. संध्याकाळी एकदा जाऊन विचारा आज काय केलं म्हणून, तो तासभर सांगेल. तो जे शिकतोय ते त्याला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एवढं हाताला लागणार नाही.

मुळशीकडे ओढ्यातून गाडी काढली, नंतर गिअरचा आवाज यायला लागला. काय झालं असेल? (पुणे)

डिफरन्शियलमध्ये पाणी गेलं असणार. गाडी चालून हाउसिंग गरम झालेलं असतं, ते थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरच्या (हवा जायच्या) छोट्या भोकातून पाणी आत ओढते. म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्यायची, अगदी स्वस्त काम आहे आणि मी तर म्हणेन टायरच्याही आधी करा. एअर फिल्टरचं तोंड कुठे आहे तेही बघा, इंजिनने पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि ओढा आधी पायी चालून बघायचा, पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पाय ओढत असेल तर गाडी परत फिरवायची. एक विनंती, वाट असेल तिथूनच जा. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे, आणि तसे सडे (खडकाळ पठारं) आपल्याकडे गावोगाव आहेत, वर मातीचा थर बोटभर असतो, पावसात एक गाडी फिरली की तिथली फुलं गेली.

आता तुमच्या गाडीचं: पुढचा, मागचा दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (फोर व्हीलचा गिअरबॉक्स) आणि मुख्य गिअरबॉक्स, चारही ठिकाणचे ड्रेन बोल्ट उघडा. तेल दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी गेलंय. सगळं काढून साधं गिअर ऑइल भरा, पाच-सहा किलोमीटर चालवा, परत काढा, परत भरा. स्वच्छ तेल येईपर्यंत हे करत राहायचं. आवाज तरी राहिला तर बेअरिंग गेलंय, मग क्राऊन पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) खोलून शिम (पातळ चकत्या) लावणारा जाणता मिस्त्री गाठा, ते काम अंगणात नको.