पुठ्ठ्याचा पियानो घ्यावा का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मामाने त्याला निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेमचा संच दिला. मित्राकडे पाहून आल्यापासून त्याचा एकच धोशा आहे: पुठ्ठ्याचा पियानो आणि गळ बनवायचा तो लाबो संच हवा. एकाकडे जुना, पण न उघडलेला संच विकायला आहे. यांचं म्हणणं, पुठ्ठ्याला कोण पैसे मोजतं, फ्रिजचं खोकं पडलंय ते दे त्याला कापायला. मलाही वाटतं, चार दिवसांत फाटून गेला तर? काय करू? – एक आई

उत्तर: आधी मुलाच्या हातातला स्विच बघा. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, सरकवून वेगळे निघतात का? निघत नसतील तर तो स्विच लाइट ही छोटी आवृत्ती आहे, त्यावर लाबो चालत नाही आणि विषय तिथेच मिटला. निघत असतील तर उजव्या जॉय-कॉनच्या खालच्या टोकाला बोटाच्या नखाएवढी काळी काच शोधा. तो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा. पियानोचा सगळा खेळ त्याच्यावर चालतो. पुढच्या पिढीच्या स्विच २ च्या नव्या जॉय-कॉनमध्ये हा कॅमेरा नाही, शिवाय ते यंत्र मोठं, जुन्या पुठ्ठ्याच्या खाचेत मावणार नाही. तुमचा २०१७ चा मूळ स्विच असेल तर काळजी नाही.

आता फ्रिजच्या खोक्याचं. यांना सांगा, पैसे पुठ्ठ्याचे नाहीत, सोबतच्या कार्ट्रिजचे, म्हणजे स्विचमध्ये घालायच्या खेळाच्या चिपचे आहेत. पुठ्ठ्याचे नमुने कंपनीने मोफतसुद्धा दिले होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये लाबो आला तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. मग भाच्याने आणलेल्या संचातला पियानो त्याच्यासोबत बनवला आणि माझं मत बदललं.

पुठ्ठे आधीच कापलेले असतात, नुसते ढकलून सुटे करायचे. कात्री नको, डिंक नको. छापील पुस्तिका नाही. प्रत्येक घडी पडद्यावर हलताना दिसते, बोटाने फिरवून मागून बघता येते, चुकलं तर मागे नेता येते. आम्ही दुपारी तीनला बसलो आणि उठलो तेव्हा सात वाजायला आले होते. मध्ये चहा गार झाला, मांड्यांना मुंग्या आल्या, पण भाचा एकदाही ‘कंटाळा आला’ म्हणाला नाही.

पियानोला तेरा पट्ट्या. प्रत्येकीच्या मागच्या टोकाला चकाकती चिकटपट्टी लावायची. जॉय-कॉन पाठीमागून आत सरकवायचा. पट्टी दाबली की मागचं टोक वर येतं, कॅमेऱ्याला चकाकी दिसते आणि स्विच सूर वाजवतो. म्हणजे पियानोत वीज नाही, तार नाही. एक डोळा आणि तेरा आरसे. आमची एक पट्टी मुकी निघाली. भाचा रडवेला झाला. मी उघडून पाहिलं तर चिकटपट्टी तिरकी, आणि लावली होती मीच, चष्मा न घालता. सरळ केली, वाजली. दुसऱ्या दिवशी पियानो न दाबताच भलतेसलते सूर काढायला लागला, कारण तो खिडकीपाशी उन्हात ठेवला होता. उन्हातही इन्फ्रारेड असतं, कॅमेरा गोंधळतो. ही गोष्ट भाच्याने स्वतः शोधली. हात मध्ये धरून सावली केली की सूर थांबतात हे त्याला कळलं तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो.

संचातली गाडी दहा-पंधरा मिनिटांत होते, सुरुवात तिच्यापासून करा. तिला चाकं नाहीत. दोन्ही जॉय-कॉन थरथरतात आणि ती सरकत जाते. गळ छान आहे, हँडल फिरवताना पुठ्ठाच कट-कट वाजतो.

खरं सांगायचं तर खेळ म्हणून यातलं बरंचसं पातळ आहे. गळाने आठवडाभर मासे धरले, मग तो कपाटावर गेला. संचातल्या पुठ्ठ्याच्या घराचं आणि मोटरसायकलचं त्याहून लवकर संपलं. तुमचा मुलगा नुसतं खेळायचं म्हणत असेल, बनवण्याचं तुम्ही उरकून द्यावं अशी अपेक्षा असेल, तर घेऊ नका. तुम्ही किंवा हे, कुणीतरी रविवारची दुपार त्याच्याशेजारी फतकल मारून बसणार असाल तरच घ्या. पियानोच्या मध्यावर नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची दोन बोटं लागतातच.

फाटण्याचं म्हणाल तर पुठ्ठा वाटतो त्यापेक्षा दणकट आहे. मार बसतो तो घडीला, तेही घाईत उलटी मुडपली तर. आमच्या गळाची एक घडी अशीच गेली. आतून साध्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली, अजून टिकून आहे. पाण्याला मात्र औषध नाही. जागाही लागते, पियानो चपटा करून ठेवता येत नाही.

जुना संच घेताना पुठ्ठ्याआधी कार्ट्रिज आहे का ते बघा, त्याशिवाय बाकी सगळी रद्दी. मग चकाकत्या चिकटपट्ट्यांचा कागद आणि रबर बँड तपासा. ‘व्हरायटी किट’ असं लिहिलेलंच घ्या, पियानो आणि गळ त्यातच आहेत. ‘रोबोट किट’मध्ये पाठीवर चढवायचं एकच भलंमोठं दप्तर आहे.

आणि फ्रिजचं खोकं टाकू नका. कार्ट्रिजमध्ये ‘गॅरेज’ नावाचा एक कप्पा आहे, तिथे ‘हे झालं की ते कर’ अशा जोडण्या मुलं स्वतः लावतात. आमच्या भाच्याने दाराला अडकवायची घंटा केली, आई खोलीत शिरली की वाजणारी. त्यासाठी त्याला संचाबाहेरचा पुठ्ठा लागला होता.