"मला चढतच नाही, मॅडम"

"बापावर गेलाय हा. रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार?" आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. शेजारी त्यांचा 26 वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्याला इथे मंगेश म्हणते. तो दहावीत असताना वडील दारूने लिव्हर खराब होऊन गेले. त्यांची हॉस्पिटलची फाइल आईंनी पिशवीतून आणली होती, जणू मुलाचाच रिपोर्ट.

आई बाहेर गेल्यावर मंगेश म्हणाला, "मॅडम, मी फक्त शनिवारी मित्रांबरोबर बसतो. बाकीचे आडवे होतात, मीच एकेकाला रिक्षात बसवून देतो. मला चढतच नाही. म्हणजे बाबांचं ते माझ्यात आलेलं नाही ना?"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मुलं ते अभिमानाने सांगतात, आणि खरं असतं नेमकं उलट. जीभ जड होणं, तोल जाणं, मळमळणं ही 'आता बस' अशी शरीराची सूचना असते. काहींना ती जन्मतःच उशिरा मिळते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या मुलांना ठरावीक दारू देऊन तपासलं, मग वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांना कमी चढली, त्यांच्यातच पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. मजा यायला त्यांना जास्त प्यावी लागते, आणि जास्त पीत गेलं की मेंदूला तेवढ्याचीच सवय होते.

मी आईंना आत बोलावून विचारलं, "याच्या बाबांना सुरुवातीला लवकर चढायची का?"

"छे! माझ्या दिराच्या हळदीला सगळे लोळत होते, हे एकटे ताठ उभे. सगळ्यांना काय कौतुक!"

मंगेशने वर पाहिलं. पुढची दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

आईंचं म्हणणंही मला तसंच सोडायचं नव्हतं. 'रक्तातच आहे' हे अर्धंच खरं, आणि इथे 'अर्धं' हा शब्द मी मोजून वापरते. जुळ्यांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 50 टक्के दिसतो. दारूचं असं एकच जनुक नसतं. अनेक जनुकांचा थोडा-थोडा हातभार असतो. डेन्मार्कमध्ये 1973च्या एका अभ्यासात व्यसनी पालकांची, पण तान्हेपणीच दत्तक गेलेली मुलं पाहिली. इतर दत्तक मुलांच्या तुलनेत त्यांच्यात व्यसन तिपटीहून जास्त होतं. एवढंच ऐकून लोक हबकतात. पण त्यातली बहुसंख्य मुलं व्यसनी झालीच नाहीत, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी दर वेळी मुद्दाम सांगते. आईंना म्हटलं, "ही फाइल त्याच्या बाबांची आहे, याची नाही. आणि 'बापावर गेलाय' हे रोज ऐकून तो थांबणार नाही, उलट हात टेकेल."

मंगेश अजून शनिवारपुरताच पीत होता, अंगाला मागणी लागलेली नव्हती, म्हणून पूर्ण थांबायचं ठरवता आलं. (रोज पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. थरथर सुटते, फिट येऊ शकते, जिवावरही बेततं.) मित्रांना काय सांगायचं यावरच आम्ही दोन बैठका घालवल्या. 'नको' म्हणणं त्याला जमत होतं. 'एकानं काय होतंय, तुला तर चढतही नाही' याला उत्तर सापडत नव्हतं. शेवटी त्याचं त्यानेच शोधलं: "चढत नाही, म्हणूनच नको."

तिसऱ्या वेळी निघताना तो दारात थांबला. "मॅडम, ताई बंगळुरूला आयटीत आहे. त्यांच्या ऑफिसच्या पार्ट्या असतात. तिलाही हे लागू होतं?"

"हो. वारसा मुलगा-मुलगी बघत नाही."

आईंना हे कधी सुचलंच नव्हतं. त्या मुलाकडे बघत राहिल्या. मंगेश तोवर व्हरांड्यात जाऊन बहिणीला फोन लावत होता.