खराब डिस्क माउंट करताच संपूर्ण संगणक का कोसळतो?

ओरखडे पडलेली सीडी किंवा जुनी हार्ड डिस्क जोडून माउंट केली, म्हणजे तिच्यावरच्या फाइल वापरण्यासाठी यंत्रणेला जोडून घेतल्या, की आपले लिनक्स कधी नुसतेच गोठते, तर कधी कर्नल पॅनिकचा (यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल, पुढे चालू शकत नसल्याचा) संदेश दाखवून कायमचे थांबते. दोष एका डिस्कमध्ये असताना सगळी यंत्रणा का बंद पडावी, असे आपण विचारले आहे. या दोन्ही घटना वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणे निराळी आहेत, म्हणून आधी त्या वेगळ्या करतो.

गोठण्यामागे बहुतेक वेळा माध्यमाचा दोष असतो. सीडीचा एखादा सेक्टर (माहितीचा छोटा तुकडा) वाचता आला नाही तर ड्राइव्ह तो पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. त्यालाही यश आले नाही तर कर्नल तीच विनंती नव्याने पाठवतो. एकेका विनंतीची मुदत साधारणपणे ३० सेकंदांची असल्यामुळे मोजके खराब सेक्टरसुद्धा बराच वेळ खातात. तोपर्यंत माउंट करणारी प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे कोणत्याही सिग्नलला दाद न देणाऱ्या झोपेत असते, आणि तिच्यामागे फाइल मॅनेजरही खोळंबतो. १२० सेकंद असेच गेले तर कर्नलच्या लॉगमध्ये प्रोसेस अडकल्याची नोंद येते. हे कोसळणे नव्हे. सहसा थोडी वाट पाहिली किंवा डिस्क काढून घेतली की यंत्र पूर्ववत चालू लागते.

खरे कोसळणे घडते ते डिस्क व्यवस्थित वाचली जाते, पण तिच्यावर लिहिलेली माहितीच चुकीची असते तेव्हा. माउंट करताना फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धतीचा) ड्रायव्हर, म्हणजे ती हाताळणारा प्रोग्राम, प्रथम सुपरब्लॉक, म्हणजे या मांडणीची मुख्य नोंद, वाचतो आणि ब्लॉक केवढा, एका गटात किती आयनोड (फाइलच्या नोंदी), मूळ डिरेक्टरी कुठे, हे सारे त्यावरून ठरवतो. यातला प्रत्येक आकडा पुढच्या गणितात वापरला जातो. सातबाऱ्यावर दहा एकर लिहिले आहे म्हणून बांध न पाहता नांगर घालत जाणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. आकडा शून्य असेल तर शून्याने भागाकार होतो, अवास्तव मोठा असेल तर मेमरीच्या हद्दीबाहेर वाचन होते, आणि एखादी नोंद स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर फेरा कधी संपतच नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘मंथ ऑफ कर्नल बग्ज’ या उपक्रमात महिनाभर कर्नलमधले असे दोष जाहीर केले गेले. त्यांत लिनक्सच्या आयएसओ ९६६० (सीडीवरील फाइल सिस्टिम) ड्रायव्हरचाही समावेश होता: बिघडवलेली सीडी-प्रतिमा (सीडीची फाइलरूपी हुबेहूब नक्कल) माउंट केली की कर्नल न संपणाऱ्या फेऱ्यात अडकत असे.

असे आकडे वापरण्यापूर्वी तपासणे दिसते तितके सोपे नाही, हे ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमच्या एका दोषावरून चांगले कळते. सुपरब्लॉकमधल्या एका घातांकावरून ड्रायव्हर १ हा अंक तेवढे बिट डावीकडे सरकवून गटांची संख्या काढत असे आणि पुढे तिने भागाकार करत असे. घातांक भलताच मोठा असेल तर भाजक शून्य होऊन यंत्र कोसळे. सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२००९-४३०७ या क्रमांकाने हा दोष नोंदला गेला आणि उत्तर शून्य आले तर थांबावे, अशी अट घालून तो दुरुस्त झाला असे मानले गेले. परंतु घातांक ३६ असेल तर पॉवरपीसी प्रोसेसरवर उत्तर शून्य येते, आणि एक्स८६ प्रोसेसर मात्र ३६ चे खालचे ५ बिटच धरत असल्यामुळे तिथे ते १६ येते, म्हणजे ती अट तिथे लागूच पडत नाही. शिवाय सी भाषेच्या नियमांनुसार इतके सरकवणे अव्याख्यित (परिणाम न ठरवलेले) असल्यामुळे ती अट निरर्थक समजून गाळून टाकण्याची मुभा कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) असते. शेवटी सीव्हीई-२०१२-२१०० अंतर्गत तपासणी सरकवण्याच्या आधी, थेट घातांकावरच करण्यात आली.

आता सगळाच संगणक का पडतो, याकडे वळू. लिनक्समध्ये बहुतेक फाइल सिस्टिमचे ड्रायव्हर कर्नलच्याच आत चालतात. साध्या प्रोग्रामने शून्याने भागले तर तो एकटा मरतो. कर्नलमध्ये तेच घडले की ड्रायव्हरने घेतलेली कुलुपे (एका वेळी एकानेच माहिती हाताळावी म्हणून घातलेली बंधने) तशीच अडकून राहतात आणि त्यांची वाट पाहणारे बाकीचे कामही ठप्प होते. विंडोज याला अपवाद नाही. मुद्दाम बिघडवलेली एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) प्रतिमा पेनड्राइव्हवर घालून, स्क्रीन लॉक असतानाही यंत्र निळ्या पडद्यावर नेता येते, असे एका सुरक्षा-संशोधकाने २०१८ मध्ये दाखवले होते.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ईएक्सटी४ मध्ये चूक आढळल्यास काय करायचे हे सुपरब्लॉकमध्येच लिहिलेले असते आणि त्यात ‘पॅनिक’ हाही पर्याय आहे. एखाद्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्कवर तो निवडलेला असेल, तर आपला कर्नल कोणत्याही दोषाशिवाय, निव्वळ आज्ञा पाळून थांबेल. माउंट करताना एररचा पर्याय ‘रीमाउंट-आरओ’ (चूक आढळल्यास डिस्क फक्त वाचता येईल अशी करणे) असा स्पष्ट दिला की ही आज्ञा मोडीत निघते.

चेकसमने, म्हणजे माहितीवरून मोजून तिच्यासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याने, काही अंशी फरक पडला आहे. ईएक्सटी४ ची साधने असलेल्या ई२एफएसप्रॉग्ज १.४३ पासून, म्हणजे २०१६ पासून, नव्या ईएक्सटी४ वर मेटाडेटाचे (सुपरब्लॉक, आयनोड अशा मांडणीच्या नोंदींचे) चेकसम आपोआप सुरू असतात. त्यामुळे आपोआप सडलेली माहिती पकडली जाते. मुद्दाम बिघडवणारा मात्र चेकसमही नव्याने मोजून लिहू शकतो.

आपल्यासाठी माझा सल्ला असा की संशयास्पद डिस्क थेट माउंट करूच नये. आधी डेस्कटॉपचे आपोआप माउंट करणे बंद करावे आणि जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने डिस्कची प्रतिमा काढावी. सीडीसाठी सेक्टरचा आकार २०४८ द्यावा आणि मॅपफाइल (काय वाचून झाले याची नोंद) ठेवावी, म्हणजे मध्येच थांबले तरी काम पुढे चालू करता येते. त्या प्रतिमेतल्या फाइल शक्यतो डीबगएफएस किंवा ७-झिपसारख्या, कर्नलबाहेर चालणाऱ्या साधनाने काढाव्यात. फार तर ते साधन बंद पडेल. माउंट करणे अटळच असेल तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये करावे. केवळ ‘आरओ’ (फक्त वाचन) दिल्यानेही ईएक्सटी४ जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवून डिस्कवर लिहू शकते, म्हणून त्यासोबत ‘नोलोड’ आणि एक्सएफएस ही फाइल सिस्टिम असल्यास ‘नोरिकव्हरी’ द्यावे. एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारे साधन) चालवायचेच असेल तर तेही प्रतिमेच्या दुसऱ्या प्रतीवर चालवावे, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली तुटक्या नोंदी पुसूनही टाकते.