पहिलीच नोकरी आहे, सिबिल स्कोअर ‘-१’ दाखवतो. क्रेडिट कार्ड मिळेल का?

मिळू शकतं. -१ म्हणजे स्कोअर वाईट नाही, तुमच्या नावावर उधारीचा इतिहासच नाही एवढंच. खरा स्कोअर, म्हणजे उधारी कशी फेडता त्याचे गुण, ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५०च्या पुढे बँका सहसा खूश.

पगार जमा होतो त्याच बँकेत आधी विचारा. नाही म्हणाले तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. ठेवच तारण असल्यामुळे तिथे स्कोअरवरून फारसं अडत नाही. मग कार्डाच्या खर्च-मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत खर्च आणि बिल पूर्ण भरायचं. नुसता ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान रक्कम) भरलात तर बाकीवर व्याज चढतंच, आणि तेही जबरी.

आणि हो, वैतागून एकदम पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा रिपोर्ट मागवते, त्या चौकशीची नोंद होते आणि स्कोअर घटू शकतो. स्वतःचा रिपोर्ट मात्र खुशाल बघा, त्याने स्कोअर घटत नाही.