‘ग्रोथ’ आणि ‘डेव्हलपमेंट’ यांना इंग्रजीत कोणते समानार्थी शब्द आहेत आणि ते कसे वापरावेत?

आपण लिहिले आहे की स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी निबंधात हे दोन शब्द फार वेळा येतात आणि पुनरुक्ती टाळण्यासाठी आपल्याला पर्यायांची यादी हवी आहे. यादी मी देते, पण ती अपुरी असेल. कारण शब्द पुन्हा येऊ नये म्हणून त्याच्या जागी दुसरा बसवण्याच्या सवयीपायी माझे एकदा तीन आठवडे वाया गेले आहेत.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. 2012 च्या उन्हाळ्यात सातपुड्यातल्या माझ्या बीटमधली, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या अंगणवाड्यांच्या गटातली कुटुंबे गुजरातेतल्या ऊसतोडीहून परतली, तेव्हा आम्ही मुलांची वजने घेतली आणि 14 मुलांच्या वाढीच्या आलेखावरची रेषा सपाट झालेली किंवा खाली वळलेली दिसली. या अवस्थेला इंग्रजीत ‘ग्रोथ फॉल्टरिंग’ असा ठरलेला शब्द आहे. पूरक आहारासाठी मदत करणाऱ्या एका संस्थेला इंग्रजीतून अहवाल पाठवायचा होता. त्याच्या दोन पानांत मी ‘ग्रोथ’ हा शब्द नऊ वेळा वापरला होता आणि तो जाणीवपूर्वक वापरला होता. ज्यांच्या सहीने अहवाल जाणार होता, त्या साहेबांचे इंग्रजी उत्तम होते, निदान त्यांचे स्वतःचे तसे मत होते. एकच शब्द सारखा आला की भाषा गावठी वाटते, असे म्हणून त्यांनी नऊपैकी चार ठिकाणी ‘डेव्हलपमेंट’ आणि दोन ठिकाणी ‘प्रोग्रेस’ केले. शिवाय वजनवाढीसाठी मी लिहिलेल्या ‘वेट गेन’चे ‘वेट इन्क्रिमेंट’ झाले, जणू मुलांना पगारवाढच मिळणार होती.

संस्थेचे उत्तर आले ते असे : 14 मुलांचा विकास खुंटल्याचे आपण कोणत्या चाचणीने ठरवले आणि ती कोणत्या तज्ज्ञाने घेतली? बालकांच्या बाबतीत डेव्हलपमेंट म्हणजे मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे, माणसे ओळखणे. त्यात उशीर झाला तर त्याला ‘डेव्हलपमेंटल डिले’ म्हणतात आणि तो वजनकाट्यावर दिसत नाही. आमच्या त्या 14 जणांतली साडेतीन वर्षांची एक मुलगी वजनाने जेमतेम 11 किलो होती, पण वीसपर्यंत चिंचोके मोजून दाखवत होती आणि माझ्याशी मराठीत, आजीशी पावरी बोलीत भांडत होती. तिचा विकास खुंटला आहे, असे आमच्या सहीशिक्क्याने कागदावर गेले होते. खुलासे करण्यात तीन आठवडे गेले आणि तोवर आहाराचे पैसे अडून राहिले.

साहेबांचा युक्तिवाद असा होता की, अंगणवाड्या चालवणाऱ्या ज्या योजनेच्या नावातच ‘बाल विकास’ आहे, तिच्या अहवालात ‘डेव्हलपमेंट’ लिहिले तर बिघडले कुठे? 1975 साली सुरू झालेल्या या योजनेत पूरक आहाराबरोबर लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे, म्हणून नावात मोठा शब्द आहे. वजन हा त्यातला एक तुकडा आहे आणि तुकड्याला संपूर्णाचे नाव देता येत नाही.

आता आपली यादी. आपण मराठीत सगळीकडे ‘वाढ’ म्हणतो, पण इंग्रजीत किमती वाढतात ते ‘राइज’, खर्च हाताबाहेर जातो ते ‘एस्कलेशन’, धंद्याच्या शाखा वाढतात ते ‘एक्स्पान्शन’, व्याज साचत जाते ते ‘अक्रू’ होणे आणि पेशी किंवा शस्त्रे बेसुमार वाढतात ते ‘प्रॉलिफरेशन’. ‘इन्क्रीज’ हा आकड्यांचा सर्वसाधारण शब्द असून त्यापुढे वाढलेल्या गोष्टीसाठी ‘इन’ आणि वाढीच्या प्रमाणासाठी ‘ऑफ’ येते. ‘एव्होल्यूशन’ पिढ्यान्‌पिढ्या किंवा दीर्घकाळ चालणाऱ्या बदलाला शोभते, एका वर्षाच्या योजनेला नाही. ‘प्रोग्रेस’चे नाम म्हणून अनेकवचन करू नये. ‘डेव्हलपमेंट’चे अनेकवचन केले तर अर्थ बहुधा ‘घडामोडी’ असा होतो आणि ‘ग्रोथ’च्या आधी ‘अ’ लावला तर वैद्यकीय कागदावर त्याचा अर्थ शरीरातली गाठ असा होतो, हे विसरू नये.

मराठीतला ‘विकास’ उमलण्यापासून आला आहे आणि तो सहसा शुभच असतो. ‘डेव्हलप’चा मूळ अर्थही गुंडाळलेले उलगडणे असाच आहे, पण इंग्रजीत भिंतीला तडे डेव्हलप होतात आणि माणसाला न्यूमोनियाही डेव्हलप होतो. ‘थ्राइव्ह’ म्हणजे बाळसे धरणे, जोमाने वाढणे. ‘फ्लरिश’ त्याच्या जवळचा, पण कला, व्यापार यांनाही चालणारा.

एक गोष्ट मान्य करायला हवी. दीर्घकाळच्या कुपोषणाचा मुलांच्या बौद्धिक विकासावरही परिणाम होतो, त्यामुळे दोन्ही शब्दांचे एकमेकांशी नाते नाही, असे माझे म्हणणे नाही; आणि ललित लेखनात शब्द बदलून वापरण्याला माझी हरकत नाही. पण आपल्या निबंधाचा विषय अर्थव्यवस्था असेल, तर तिथेही ग्रोथ म्हणजे उत्पन्नाचा आकडा आणि डेव्हलपमेंट म्हणजे आयुर्मान, शिक्षण यांसह एकूण जगणे. 1990 पासून निघणारा मानव विकास निर्देशांक याच फरकावर उभा आहे.

पुनरुक्ती फारच खटकत असेल तर शब्द न बदलता वाक्याची रचना बदलावी, म्हणजे एका वाक्यात ‘ग्रोथ’ हे नाम आणि पुढच्या वाक्यात ‘ग्रो’ हे क्रियापद घ्यावे. हे मी तेव्हा साहेबांनाही सुचवले होते, पण त्यांनी पेनाला टोपण लावून अहवाल जावकला पाठवून दिला होता.